तुमचे प्रश्न : बीथोव्हनची पहिली सोनाटा आणि ते सुरुवातीचे आठ बार

मागच्या अंकात मी बीथोव्हनच्या एफ मायनर पियानो सोनाटावर, म्हणजे ओपस २ मधल्या पहिल्या सोनाटावर दीड पान लिहिलं होतं आणि एवढी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. ज्यांच्याकडे तो अंक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सोनाटा म्हणजे वाद्यासाठी लिहिलेली काही भागांची रचना, ओपस म्हणजे छापलेल्या कामाचा क्रमांक, आणि एफ मायनर म्हणजे एफ हा सा आणि गंधार कोमल. बीथोव्हन बॉन शहरातून १७९२ च्या नोव्हेंबरात व्हिएन्नाला आला, तिथे हायडन या नामवंत संगीतकाराकडे शिकला, आणि १७९५ पर्यंत त्याने तीन सोनाटा तयार केल्या ज्या १७९६ मध्ये आर्टारिया या व्हिएन्नातल्या प्रकाशकाने ओपस २ म्हणून एकत्र छापल्या, अर्पण हायडनला. त्यातली ही पहिली. चार भाग आहेत: अलेग्रो (जलद), अडाजिओ (संथ), मिन्युएट (नाचाच्या चालीचा) आणि प्रेस्तिसिमो (अतिजलद). सगळी मिळून साधारण अठरा-वीस मिनिटं. पुढे त्याने ओपस नंबर दिलेल्या एकूण ३२ पियानो सोनाटा झाल्या, त्या यादीची सुरुवात इथून होते. आता प्रश्न घेते, सगळे घेता आले नाहीत, एकसारखे होते ते एकत्र केलेत.

नमस्कार ताई. मी गेली तीस वर्षं पेटी वाजवतो, भजनी मंडळाला साथ करतो. तुमचा लेख वाचून मोबाईलवर ही सोनाटा तीनदा ऐकली. वेग कळतो, राग आल्यासारखं काहीतरी कळतं, पण नक्की काय ऐकायचं ते कळत नाही. आमच्यासारख्याने कुठून धरावं? — एक वाचक, सांगली

काका, तुमच्याकडे पेटी आहे ना, मग हे अगदी सोपं आहे, पेटी पुढ्यात घ्या आणि वाचता वाचता वाजवा. पांढरी चार सा धरा. आता मंद्र पंचमापासून, म्हणजे पांढरी एकपासून, सुटे सुटे स्वर वर न्या: प, सा, कोमल ग, प, तार सा, तार कोमल ग. त्या तार गंधारावर जरा थांबा आणि तिथून रे सा नी ही तीन स्वरांची झटकन मुरकी घेऊन परत सा वर या. झाली सुरुवात, एवढंच आहे. पहिल्या बारमध्ये (बार म्हणजे ठेक्याचं एक छोटं आवर्तन समजा) डावा हात गप्प असतो, उजवा एकटा शिडी चढल्यासारखा वर जातो. असे खालून वर सुटणारे स्वर त्या काळात खूप जण वापरायचे, जर्मनीतल्या मानहाइम शहराच्या ऑर्केस्ट्रामुळे त्याला मानहाइम रॉकेट असं नावच पडलं, मोझार्टच्या जी मायनर सिंफनीच्या शेवटच्या भागात जवळजवळ हीच चढण आहे. त्यामुळे चढण काही नवीन नव्हती, बीथोव्हन पुढे जे करतो ते ऐकण्यासारखं आहे.

बघा, पहिलं वाक्य दोन बारचं, ते गंधारावर जातं. मग तसंच दुसरं वाक्य, तेही दोन बारचं, पण आता कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे साथीचे स्वर, बदललेली आणि टोक एक पायरी वर, मध्यमावर. त्यानंतर तो अख्खं वाक्य म्हणतच नाही, फक्त शेवटची मुरकी उचलतो, एक बार गंधारावर, एक बार मध्यमावर, आणि प्रत्येकाला जोर. मग सातव्या बारमध्ये एकदम पंचम, तोही पूर्ण ताकदीने, आणि तिथून उतरून आठव्या बारमध्ये आवाज अचानक खाली आणि पंचमाच्या कॉर्डवर थांबला. थांबला म्हणजे खरोखर थांबला, पुढे रेस्ट, म्हणजे काहीच न वाजवायची जागा आहे आणि त्या रेस्टवर विरामाची खूण आहे, किती वेळ ते वाजवणाऱ्याने ठरवायचं.

माझ्या विद्यार्थ्यांना मी हे घरातल्या बोलण्यावरून सांगते. आतून हाक येते, "अहो ऐकलंत का, जरा इकडे या". उत्तर नाही. "अहो ऐकलंत का, जरा लवकर या". उत्तर नाही. "अहो!" "अहो!!" आणि मग एकदा मोठ्यांदा पूर्ण नाव घेऊन हाक, आणि शांतता. ती जी शांतता आहे ना त्यात घरातला प्रत्येक जण कान टवकारतो, तोच आठवा बार. दोन, दोन, एक, एक, दोन. लय कुठेही वाढलेली नाही काका, हे नीट लक्षात घ्या, भजनात आपण शेवटी लय वाढवतो तसं इथे काही होत नाही, ठेका जिथल्या तिथे आहे पण वाक्यं तोकडी होत जातात म्हणून आपला श्वास आखडतो. विसाव्या शतकातल्या आर्नोल्ड शोएनबर्ग या संगीतकाराने रचना शिकवताना मुलांना वाक्य कसं बांधायचं याचा नमुना म्हणून हेच आठ बार दाखवले, आजही जगभर तेच दाखवतात, मी पण तेच दाखवते.

आणि त्या विरामानंतर काय होतं ते ऐका, डावा हात खालून तीच चढण घेऊन येतो पण आता सी मायनरमध्ये, पांढरी एक सा धरून. म्हणजे इतका वेळ वर जे बोललं गेलं ते आता खालून, जड आवाजात. पुढे दुसरी थीम येते तेव्हा काळी चार हा नवीन सा झालेला असतो, ए फ्लॅट मेजर (मेजर म्हणजे शुद्ध गंधाराचा, उजळ), आणि ही धून चढण्याऐवजी वरून खाली उतरते, सुट्या स्वरांऐवजी जोडलेल्या स्वरांत, पहिल्या थीमला पाण्यात उलटं बघितल्यासारखं. मेजर असूनही त्यात कोमल धैवत डोकावतो आणि म्हणून तिथे पूर्ण उजेड पडत नाही. तुम्ही तीनदा ऐकलंत, आता चौथ्यांदा फक्त पहिला दीड मिनिट ऐका, एवढ्या तीन गोष्टी धरून.

आपला लेख आवडला. परंतु एक खटकले. बीथोव्हनने गुरूला सोनाटा अर्पण केली पण मुखपृष्ठावर "हायडनचा शिष्य" असे लिहिण्यास नकार दिला असे वाचनात आले. आपल्याकडे गुरूचे नाव घेताना लोक कानाच्या पाळीला हात लावतात. हा कृतघ्नपणा नव्हे काय? — निवृत्त शिक्षक, डोंबिवली

सर, प्रश्न मनापासून विचारलात म्हणून मनापासून आणि जरा लांब उत्तर देते. ही गोष्ट आली ती फर्डिनांड रीसकडून. रीस हा स्वतः बीथोव्हनचा विद्यार्थी, त्याने आणि बॉनच्या वेगेलर नावाच्या डॉक्टर मित्राने मिळून बीथोव्हनच्या आठवणी १८३८ मध्ये छापल्या, त्यात रीस सांगतो की हायडनची इच्छा होती की बीथोव्हनने सुरुवातीच्या कामांवर आपल्या नावाखाली शिष्य असं लिहावं, आणि बीथोव्हन म्हणाला की मी त्यांच्याकडे काही धडे घेतले पण शिकलो काहीच नाही. रीस व्हिएन्नाला आला तो या सोनाटा छापून काही वर्षं झाल्यावर, म्हणजे ही त्याने डोळ्यांनी पाहिलेली घटना नाही, पण बीथोव्हनचा स्वभाव बघता असं बोलला असेल हे मला पटतं.

पण दोघांची बाजू बघायला हवी. बॉन सोडताना तिथला त्याचा आश्रयदाता काउंट वाल्डस्टाइनने त्याच्या वहीत लिहून दिलं होतं की हायडनच्या हातून मोझार्टचा आत्मा घेऊन ये. विचार करा, एकवीस वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर केवढं ओझं. तो पोचला तेव्हा मोझार्टला जाऊन वर्ष होत आलेलं, आणि हायडन साठीचा, लंडनहून नुकताच प्रचंड यश घेऊन आलेला, पुढच्या लंडन दौऱ्याच्या तयारीत. विद्यार्थ्याच्या काउंटरपॉइंटच्या (एकाच वेळी चालणाऱ्या धुना जुळवायच्या विद्येच्या) वह्या बारकाईने तपासायला त्याच्याकडे सवड नव्हती, बऱ्याच चुका तशाच राहून गेल्या. तरी याच हायडनने १७९३ मध्ये बीथोव्हनच्या बॉनच्या मालकाला, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्या इलेक्टरला, पत्र लिहिलं की हा मुलगा एक दिवस युरोपातल्या मोठ्या संगीतकारांत गणला जाईल आणि मला त्याचा शिक्षक म्हणवून घेताना अभिमान वाटेल, आणि त्याला जास्त पैसे पाठवा म्हणून शब्द टाकला, स्वतःच्या खिशातून उसनेही दिले होते. सोबत नवीन कामं म्हणून ज्या रचना पाठवल्या त्यातल्या बऱ्याच आम्ही बॉनलाच ऐकल्यात असं तिकडून उत्तर आलं, म्हणजे शिष्यामुळे गुरूला खाली बघावं लागलं. १७९४ च्या जानेवारीत हायडन परत लंडनला गेला आणि बीथोव्हन आल्ब्रेख्ट्सबर्गर या दुसऱ्या शिक्षकाकडे काउंटरपॉइंट शिकायला लागला.

हे सगळं होऊनही, १७९५ मध्ये हायडन परत आल्यावर प्रिन्स लिख्नोव्स्कीच्या घरी त्याच्यासमोर बसून बीथोव्हनने याच तीन सोनाटा वाजवल्या आणि छापताना त्यालाच अर्पण केल्या. अर्पण करून काही पैसे मिळायचे ते राजेरजवाड्यांना अर्पण केल्यावर, हायडनकडून काय मिळणार होतं. म्हणून मला तरी यात कृतघ्नपणा दिसत नाही, एका हट्टी मुलाने वाकून नमस्कार केला पण "मी अमक्याचा" अशी पाटी गळ्यात घातली नाही, असं दिसतं. आणि सर, तो म्हणाला खरा की काही शिकलो नाही, पण वर सांगलीच्या काकांना जे सांगितलं ते बघा: मूठभर स्वर घ्यायचे, त्यातला एक तुकडा तोडायचा, त्यातूनच पुढचं सगळं घडवायचं, आणि मध्येच गप्प बसून ऐकणाऱ्याला टांगून ठेवायचं. हे शंभर टक्के हायडन आहे. वह्यांतून नसेल शिकला, कानातून शिकला.

१८०८ च्या मार्चमध्ये व्हिएन्नाच्या विद्यापीठात हायडनच्या मानार्थ त्याची क्रिएशन ही गायक आणि वाद्यवृंदासाठीची मोठी रचना सादर झाली, तो तेव्हा इतका थकलेला होता की खुर्चीत बसवून आणलं होतं. तिथे बीथोव्हन गुडघ्यावर बसला आणि त्याच्या हाताचं चुंबन घेतलं असं सांगतात. मला हे लिहितानासुद्धा भरून येतं.

ही सोनाटा लिहिताना तो बहिरा होता का? — इयत्ता सातवी, नाशिक

नाही रे बाळा. तेव्हा त्याला व्यवस्थित ऐकू येत होतं. १८०१ मध्ये त्याने वेगेलरला पत्र लिहून सांगितलं की गेली तीन वर्षं कान कमजोर होत चाललेत, म्हणजे त्रास सुरू झाला तो साधारण १७९८ च्या सुमाराला. ही सोनाटा त्याच्या आधीची. तेव्हा तो व्हिएन्नात सगळ्यात जास्त ओळखला जायचा ते पियानो वाजवणारा म्हणून, आणि समोर बसून मनात येईल ते तिथल्या तिथे रचून वाजवण्यात तर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

ताई मी इंजिनियरिंगला आहे, माझ्याकडे ६१ कीचा कीबोर्ड आहे, पियानो परवडणार नाही. यूट्यूबवर बघून पहिला भाग शिकतोय. एका ग्रुपवर सांगितलं की कीबोर्डवर बीथोव्हन वाजवणं म्हणजे अपमान आहे, आधी ८८ की घे मग बोल. खरंच वाजवू नको का? — रत्नागिरी

वाजव! आणि हे वाच नीट. त्या काळी व्हिएन्नात जे पियानो मिळायचे, आंटोन वॉल्टरचे वगैरे (मोझार्टकडेही वॉल्टरचाच होता), त्यांना पाच ऑक्टेव्ह असायचे, खालच्या एफपासून वरच्या एफपर्यंत. मोज बघू किती होतात. ६१. ही अख्खी सोनाटा त्या ६१ स्वरांत बसवलेली आहे. ८८ कीचा पियानो बीथोव्हनने आयुष्यात बघितला नाही.

एकच फरक आहे तो समजून घे. तुझा कीबोर्ड सी ते सी आहे, त्याचा एफ ते एफ होता, म्हणजे तुझ्याकडे वर सात स्वर जास्त आणि खाली सात कमी. त्यामुळे डाव्या हाताला कुठे खालचा स्वर सापडलाच नाही तर तो एक ऑक्टेव्ह वर घे आणि पुढे जा, अडून बसू नकोस. दुसरं, हलक्या कीची लाज अजिबात बाळगू नको, ते जुने पियानो आत्ताच्या ग्रँड पियानोपेक्षा खूप हलके होते, की फार खोल दाबली जायची नाही, हातोडीवर जाड फेल्टऐवजी चामडं असायचं, फ्रेम लाकडाची, तारा बारीक, त्यामुळे आवाज लगेच उमटायचा आणि लगेच विरायचा. म्हणूनच त्या सुट्या सुट्या चढणीवर तो इतका खूश होता, त्या पियानोवर ते स्वर मोत्यासारखे वेगळे वाजतात. आजच्या मोठ्या ग्रँडवर तेच करायला आम्हाला जिवाचा आटापिटा करावा लागतो.

मात्र एक गोष्ट बघून घे, तुझ्या कीबोर्डला टच रिस्पॉन्स आहे का, म्हणजे हळू दाबलं तर हळू आणि जोरात दाबलं तर जोरात येतं का. ते नसेल तर मात्र या सोनाटाचं निम्मं काम होणार नाही, कारण त्या आठ बारांत सुरुवात हळू, मग दोन झटके, मग एकदम मोठं आणि लगेच परत हळू, हे सगळं आवाजाच्या चढउतारावर उभं आहे. पहिल्या छापील प्रतीवर "हार्पसिकॉर्ड किंवा पियानोफोर्टेसाठी" असं लिहिलंय, ते लोकांच्या घरी अजून हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीचं कीचं वाद्य, होते म्हणून, खप व्हावा म्हणून. हार्पसिकॉर्डवर कितीही जोरात दाबा आवाज तेवढाच येतो, त्यावर हे जमणारच नाही.

पेडल नाही म्हणून पण रडू नको. त्या पियानोंना पायाचं पेडल नसायचं, गुडघ्याने वर ढकलायचा दांडा असायचा, आणि या सोनाटात बीथोव्हनने पेडलची एकही खूण लिहिलेली नाही. कोरडं वाजव, स्वच्छ वाजव.

मॅडम, माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, पुढच्या वर्षी आठव्या ग्रेडची परीक्षा देणार आहे आणि तिने ही सोनाटा निवडली आहे. (१) ती फार फास्ट वाजवते आणि दुसऱ्या बारलाच अडखळते. (२) तिच्या टीचर फक्त पहिला भाग घेतात, बाकीचे तीन भाग ऐकूही देत नाहीत, वेळ जातो म्हणतात. (३) रिपीट घ्यायचा का? — एक आई, पुणे

पहिलं वेगाचं. सगळी मुलं हे करतात, मी पण केलंय. पहिला बार सोपा आहे, नुसते क्रॉचेट, म्हणजे एकेका मात्रेचे स्वर, म्हणून हात आपोआप पळतो, आणि दुसऱ्या बारमध्ये ती तीन सेमिक्वेव्हरची ट्रिपलेट, म्हणजे अर्ध्या मात्रेत तीन स्वरांची मुरकी आली की गाडी खड्ड्यात. वेग ठरवायचा तो त्या ट्रिपलेटवरून. तिला सांगा, आधी फक्त दुसरा बार दहा वेळा वाजव, ज्या वेगात ती मुरकी कुरकुर न करता पडते तो तुझा आजचा वेग, मग त्याच वेगात पहिला बार सुरू कर. मेट्रोनोमचा (वेग मोजायच्या टिकटिक यंत्राचा) आकडा काय असं कोणी विचारलं तर बीथोव्हनने या सोनाटाला आकडा दिलेलाच नाही, मेल्झेलचा मेट्रोनोम बाजारात आला तो १८१५ नंतर, आणि ३२ सोनाटांपैकी फक्त एका सोनाटाला, ओपस १०६ ला, त्याने आकडे लिहिले.

अजून एक, ए फ्लॅटवर, म्हणजे चढणीच्या टोकावरच्या कोमल गंधारावर, हाताला श्वास घेऊ दे. तो डॉटेड क्रॉचेट, म्हणजे दीड मात्रेचा आहे, पूर्ण मोजायचा, मुलं तो अर्धवट सोडून मुरकीवर उडी मारतात. माझ्या परीक्षेच्या दिवशी काय झालं ते सांगते. जुलै महिना, मुंबईचा पाऊस, हॉलमधला पियानो दमट हवेने फुगलेला, आणि नेमकी वरच्या ए फ्लॅटची की दाबल्यावर वर यायलाच तयार नाही. मी तीन बारांत घामाघूम, चिडून जास्तच जोरात मारायला लागले. माझ्या बाई मागे दाराशी उभ्या होत्या, मूळच्या गोव्याच्या, वांद्र्याला शिकवायच्या, बाहेर आल्यावर त्या रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या की की अडकली तर अडकू दे गो, तू विरामाच्या वेळी का नाही थांबलीस, तो तर तुझ्याच हातात होता. तेव्हापासून त्या आठव्या बारशी मी पूर्ण थांबते. किती वेळ म्हणाल तर मोजत नाही, खोलीतला आवाज पूर्ण विरला की मग डावा हात उचलते. मुलीलाही हेच करायला सांगा.

दुसरं, टीचरबद्दल मी काही बोलणार नाही, त्यांना परीक्षेच्या तारखा सांभाळायच्या असतात. पण घरी तुम्ही ऐकवा ना! निदान दुसरा भाग, अडाजिओ, तो तर तुमच्या मुलीने ऐकलाच पाहिजे, कारण ती धून बीथोव्हनने जवळजवळ तिच्याच वयात लिहिलीय. १७८५ मध्ये बॉनला असताना, चौदा वर्षांचा असताना, त्याने तीन पियानो क्वार्टेट (पियानो आणि तीन तारवाद्यांसाठीच्या रचना) लिहिले, त्यातल्या सी मेजरच्या क्वार्टेटमध्ये ही एफ मेजरची शांत धून आहे. दहा वर्षं ती तशीच ठेवली होती त्याने, आणि राजधानीत नाव कमवायची वेळ आली, समोर हायडन बसणार आहे, तेव्हा पेटीतून तीच बाहेर काढली. पहिल्या भागात इतका ताण झाल्यावर हे आलं की पावसाळ्यात दुपारी वारा पडून ऊन आल्यासारखं होतं. आणि वाजवायला सोपी दिसते पण तशी नाही, डाव्या हाताच्या साथीत जराही जड बोट पडलं की धून बुडते.

बरं, हा मुलगा सोनाटासुद्धा तिच्या वयाच्या आतच लिहायला लागला होता. १७८३ मध्ये, बारा वर्षांचा असताना, त्याच्या तीन सोनाटा छापल्या गेल्या, बॉनच्या तेव्हाच्या इलेक्टरला अर्पण, आणि त्यावर वय लिहिलं होतं अकरा. त्यातली दुसरी सोनाटा कुठल्या स्वरात आहे सांगू? एफ मायनर. ओपस नंबर दिलेल्यांत ती धरत नाहीत म्हणून मी सुरुवातीला ३२ म्हटलं. पुढे १८०४-०५ मध्ये त्याने आपासिओनाता नावाची सोनाटा लिहिली तीही एफ मायनर, तिची सुरुवातही एफ मायनर कॉर्डचे स्वर उलगडतच होते. बारा वर्षांचा, चोवीस वर्षांचा आणि चौतीस वर्षांचा, तिन्ही वेळा तो याच घरात परत आलाय. मुलीला या तिन्हींची सुरुवात एका बैठकीत ऐकवा, बघा ती कशी बसते ऐकत.

तिसरं, रिपीट, म्हणजे पहिला अर्धा भाग पुन्हा वाजवणं. परीक्षेत घेऊ नका, वेळ नसतो. घरी मात्र घ्यायचाच, कारण पहिल्या अर्ध्या भागाच्या शेवटी आपण ए फ्लॅट मेजरमध्ये स्थिरावलेलो असतो आणि तिथून परत सुरुवातीचा तो एकटा सी, मंद्र पंचम, येतो, सोबतीला कोणी नाही, तेव्हा पहिल्यापेक्षा तो जास्त एकटा वाटतो.

आमच्या मडगावच्या जुन्या घरात आजोबांचा अपराइट पियानो आहे, आई वाजवते. तिला ही सोनाटा येते पण ती शेवटचा भाग कधीच वाजवत नाही, म्हणते फार आदळआपट आहे, मनाला त्रास होतो. शेवट गोड का नाही केला? आणि ऐकायला चांगलं रेकॉर्डिंग कुठलं? — मडगाव, गोवा

आईंना माझा नमस्कार सांगा, त्यांचं म्हणणं मला कळतं. त्या काळची रीत बघितली तर शेवटचा भाग बहुतेक हलकाफुलका असायचा, तोंडात साखर ठेवून पाहुण्याला निरोप द्यावा तसा. हायडन आणि मोझार्टच्या पियानो सोनाटा सहसा दोन किंवा तीन भागांच्या. बीथोव्हनने पहिल्याच ओपसमधल्या ट्रिओंपासून (तीन वाद्यांच्या रचनांपासून) चार भाग घेतले, सिंफनीसारखे, म्हणजे घरात बसून वाजवायच्या गोष्टीला त्याने पंगत मोठी मांडली. आणि शेवटी प्रेस्तिसिमो, शक्य तेवढं जलद, डावा हात अखंड ट्रिपलेटमध्ये धावतोय, वर उजवा हात तीन कॉर्ड हळू टाकतो आणि पुढच्या तीन जोरात. दार आधी हळू वाजवून बघितलं, मग जोरात.

पण आईंनी तो भाग अर्ध्यात सोडू नये असं मला मनापासून वाटतं, कारण मधोमध एक गोष्ट आहे. एवढ्या वादळात मध्येच ए फ्लॅट मेजरमध्ये एक नवीनच धून येते, आधी कुठे न आलेली, वर लिहिलंय की सतत हळू आणि गोड. खरं तर त्या जागी आधीच्याच थीमची घुसळण अपेक्षित असते, त्याने ते बाजूला ठेवून चक्क गाणं म्हटलंय, आणि चांगलं लांब म्हटलंय. ए फ्लॅट मेजर, हो, पहिल्या भागातली ती अर्ध्या उजेडाची जागा, इथे मात्र पूर्ण ऊन. ते संपून जेव्हा खालून पुन्हा ट्रिपलेट सुरू होतात तेव्हा मला दर वेळी वाटतं की अजून एकदा म्हणायला हवं होतं. आईंनी निदान ते मधलं गाणं वाजवावं, तेवढंच, मागचंपुढचं नंतर बघू.

शेवट मायनरमध्येच होतो, पूर्ण ताकदीने ट्रिपलेट वरून खाली कोसळतात आणि संपतं. तिथे वेग कमी करायला त्याने सांगितलेलं नाही आणि करूही नये. पहिला भाग त्या चढणीने सुरू झाला होता ना, मंद्र पंचमापासून वर, आणि आता सगळं वरून खाली. मला तरी यापेक्षा गोड शेवट इथे चालला नसता.

रेकॉर्डिंग म्हणाल तर आर्टुर श्नाबेलचं १९३० च्या दशकातलं ऐका, सगळ्या ३२ सोनाटा पहिल्यांदा रेकॉर्ड करणारा तोच, मध्ये मध्ये स्वर सांडतात पण अंगावर येतं. आल्फ्रेड ब्रेंडलचं शांत डोक्याने ऐकायला चांगलं. आणि रोनाल्ड ब्राउटिगमने जुन्या पद्धतीच्या फोर्टेपियानोवर वाजवलंय ते जरूर, त्यात हा शेवटचा भाग आदळआपट वाटतच नाही, आवाज पटकन विरतो त्यामुळे ट्रिपलेटची गर्दी होत नाही. कदाचित आईंना होणारा त्रास संगीताचा नसून पियानोचा असेल, जुन्या अपराइटचा खालचा भाग भिंतीला टेकून ठेवला की घुमतो फार. भिंतीपासून वीतभर पुढे ओढून बघा. आणि ट्यूनिंग आत्ता पावसात करू नका, ऑक्टोबर संपत आला की हवा कोरडी होते तेव्हा ट्यूनरला बोलवा, आत्ता केलेलं दिवाळीपर्यंतसुद्धा टिकणार नाही.